बाभळीच्या काट्यावर विलायती बाजा

दादा गेल्यानंतर आमच्या घरात कोणी मोठ्यानं रडलं नाही. वसाहतीतल्या बायांना याचं नवल वाटायचं. त्या मायजवळ येऊन बसायच्या, पदर डोळ्यांना लावायच्या, आणि माय उठून त्यांच्यासाठी चहा टाकायची. पुण्यानुमोदनाच्या दिवशी नातेवाईक जमले, बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, तेव्हाही माय स्वैपाकाच्या पातेल्यावरचं झाकण सारखं करत होती. मी नववीत होते. मी रडले नाही याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही. रडू येत नव्हतं, एवढंच. हात-पाय धुवावेत, वेणी घालावी, शाळेत जावं, परत यावं, असं चाललं होतं. कोणी चिमटा काढला असता तर तो कळायलाही थोडा वेळ लागला असता, असे ते दिवस होते.

भंडारा जिल्ह्यात, चिखल्याच्या बाजूला मॅंगनीजच्या खाणीची आमची वसाहत होती. कौलारू खोल्यांच्या रांगा, मध्ये नळ, आणि सगळ्यावर काळी धूळ. ती धूळ कपड्यांच्या घडीत शिरायची, पिठाच्या डब्यात शिरायची, तांदूळ धुतले की पहिलं पाणी राखट निघायचं. दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा आणि त्याच्यावर सगळ्यांची जेवणं ठरलेली असायची. बाबा खाणीत वाइंडिंग इंजिनावर होते. म्हणजे ज्या पिंजऱ्यातून माणसं खाली उतरतात आणि वर येतात, तो पिंजरा ज्या यंत्रावर चालतो, ते यंत्र ते चालवत. खालून घंटा वाजायची. एक ठोका म्हणजे वर, दोन म्हणजे खाली, तीन म्हणजे पिंजऱ्यात माणसं आहेत, जपून. बाबांना पिंजरा दिसत नसे. समोर एक तबक, त्यावर पिंजरा किती खाली आहे ते दाखवणारा काटा, आणि कानात घंटा. बावीस वर्षं त्यांनी न दिसणारी माणसं वर-खाली केली, आणि एकालाही कधी धक्का बसू दिला नाही, असं त्यांच्याबद्दल लोक सांगत.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मॅट्रिक होऊन खाणीच्या वर्कशॉपात लागला होता. उंबऱ्यावर बसून, ताट मांडीवर घेऊन जेवायचा, आणि कितीही रागावलं तरी आत येऊन जेवायचा नाही. त्या उन्हाळ्यात त्याचे डोळे पिवळे झाले. आम्ही सुट्टीत कोंढ्याकडं मामाच्या घरी गेलेलो होतो. मामानं सांगितलं, पलीकडच्या गावात एक माणूस काविळीची माळ घालतो. कसल्याशा झाडाच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात ओवून ती माळ डोक्यावर मुकुटासारखी बसवतात. दिवसागणिक ती ढिली होते, लांबत जाते, गळ्यात उतरते, मग छातीवर, मग पोटावर. माळ जितकी उतरते तितकी कावीळ उतरते, असा समज. माय पहिल्याच दिवशी म्हणाली होती, नागपूरला नेऊ. बाबा म्हणाले, माळ तर घालून पाहू. दादाची माळ फार चांगली उतरली. सगळं गाव येऊन पाहून जायचं. ती त्याच्या गुडघ्यापर्यंत आली तेव्हा तो अंथरुणावरून उठू शकत नव्हता. बैलबंडीतून पवनीपर्यंत आणि तिथून जीपनं नागपूरच्या रस्त्याला लागलो, आणि नागपूर यायच्या आधीच तो गेला. जीपवाल्यानं न विचारता गाडी बाजूला घेतली, एका चिंचेखाली उभी केली आणि स्वतः खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही, पण त्याचं ते लांब जाऊन उभं राहणं आठवतं.

परत आल्यावर मायनं बाबांशी बोलणं बंद केलं. भांडण झालं नाही. ती त्यांचा डबा करायची, कपडे धुवायची, अंघोळीचं पाणी तापवायची. फक्त बोलायची नाही. जे सांगायचं ते माझ्याकडून. "बाबाले इचार, डाळ वाढू का." बाबा तीन हातांवर बसलेले असत. त्यांनी ऐकलेलं असे. तरी मी विचारायची, बाबा, डाळ वाढू का. आणि बाबा म्हणत, "मायले सांग, नोको." मी मायला सांगायची, नको म्हणतात. सुरुवातीला मला ते लाजिरवाणं वाटलं. नंतर काहीच वाटेनासं झालं. पुढं तर असं झालं की मी बोलेपर्यंत ती दोघंही हात थांबवून वाट पाहत. स्वैपाकात रोज तेच. भात, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी. कधी बोडीतले, म्हणजे लहान तळ्यातले, मासे कोणी आणून दिले तर ते. भात चौघांचाच शिजायचा. उरलेला सकाळी फोडणीला पडायचा आणि तो मी शाळेत न्यायची. 

पावसाळ्याच्या सुमारास एक गोष्ट घडली. खालून तीन ठोके आले आणि बाबांचे हात हलले नाहीत. घंटा त्यांना ऐकू आली होती. ते नंतर आमच्या शाळेच्या गुरुजींना सांगत होते, "ऐकू आलं, पन हाताले सांगनं झालं नाही." वर उभ्या असलेल्या माणसानं येऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्यांनी पिंजरा सावकाश वर घेतला. खालच्या माणसांना थोडं ताटकळावं लागलं, इतकंच. कोणाला कळलंही नसतं. पण बाबा स्वतः साहेबांकडं गेले आणि म्हणाले, मला यंत्रावरून काढा. साहेब भला होता. त्यानं त्यांना स्टोअरमध्ये घातलं, बरं वाटेल तेव्हा परत या म्हणाला. तिथं बाबा नटबोल्टांच्या पेट्यांमध्ये बसून असत. घरी आले की भिंतीला टेकून बसत.

आता करीमचाचांबद्दल सांगायला हवं. वसाहतीच्या अगदी टोकाला, बंगल्याच्या मागं, एक खोली होती. तिथं ते एकटे राहत. खाण इंग्रजांची होती तेव्हा ते बंगल्यावर खानसामा होते. शेवटचा इंग्रज साहेब विलायतेला परत गेला तेव्हा जाताना त्यानं चाचांना आपला चावीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांच्या दोन पेट्या दिल्या. चाचांचं मूळ घर तुमसरचं. बायको केव्हाच वारली होती. पेन्शनीत ते खिचडीशिवाय काही शिजवत नसत, पण पाहुणा आला की पावाचे त्रिकोणी तुकडे भाजून, बशीत मांडून, कपाचा कान पाहुण्याच्या उजव्या हाताकडं येईल अशा बेतानं चहा ठेवत. पाव शनिवारच्या मोटारीनं तुमसरवरून यायचा.

त्यांच्या ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली. यंत्रातलं कळणारा माणूस म्हणून ते बाबांकडं आले. बाबांनी दोन दिवस खपून स्प्रिंग जोडली, आतली चाकं रॉकेलनं धुतली. मग गती बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी फिरत्या थाळीवर कागदाचा तुकडा चिकटवला आणि घड्याळ हातात घेऊन फेरे मोजले. चाचांनी एक तबकडी लावली. गती पाहायची म्हणून बाबांनी ती ऐकली. मग दुसरी. पुढच्या रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बाबा उठले आणि मला म्हणाले, "मायले सांग, चाच्याच्या मशीनची गती पाहून येतो." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी ते बाहेर पडल्यावर माय मला म्हणाली, "कुठी जाते, पाहून ये बरं."

मी गेले तर खोलीत तिघं बसलेले. चाचा स्टुलावर, बाबा भिंतीला टेकून जमिनीवर, आणि एकुलत्या एका खुर्चीत आमच्या शाळेचे लांजेवार गुरुजी. गुरुजी एकोडीचे, घरची धानाची शेती, वसाहतीत खोली घेऊन राहत. त्यांना पाहून मी दारातच थांबले. चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या घरात एक नियम होता. सुई तबकडीवर आहे तोवर कोणी बोलायचं नाही, कोणी उठायचं नाही. सुया म्हणजे तरी काय, पोलादी सुया केव्हाच संपल्या होत्या. चाचा बाभळीचे लांब, वाळलेले काटे आणून ठेवत, एका बाजूसाठी एक काटा, आणि तो धारदार पात्यानं तासून बसवत. आवाज बारीक यायचा, पण खरखर कमी. पुढं बरीच वर्षं मला वाटायचं की हे संगीत असंच असतं, भिंतीपलीकडून आल्यासारखं.

एका कापडी पुठ्ठ्याच्या वहीसारख्या बाडात सहा तबकड्या होत्या. बारा बाजू. सगळ्या मिळून एकच रचना. एका इंग्रज संगीतकाराची, मोठ्या वाद्यवृंदासाठी केलेली. त्याचं नाव बाडावर होतं, गुरुजींना ते वाचता यायचं, पण उच्चाराबद्दल त्यांची खात्री नव्हती, म्हणून आमच्यातलं कोणीच ते घेत नसे. चाचा त्याला 'विलायतवाले' म्हणत. मीही इथं ते लिहीत नाही. त्यात गाणं नव्हतं, शब्द नव्हते, तबला नव्हता. आम्ही ज्याला संगीत म्हणत होतो त्यातलं काहीच नव्हतं. खूप साऱ्या व्हायोलिनी, आणि खाली कुठंतरी जाड, पितळी आवाज. चार मिनिटं झाली की बाजू संपायची. मग चाचा काटा बदलायचे, चावी भरायचे, तबकडी उलटायचे. त्या मधल्या वेळात बोलायला मुभा होती.

त्या मधल्या वेळातलं बोलणं मला त्या संगीतापेक्षा जास्त आठवतं. गुरुजी प्रत्येकाला विचारत, काय दिसलं. त्यांना स्वतःला नेहमी पाणी दिसायचं. तलावाची तुडूम, म्हणजे पाणी सोडायची झडप, उघडली की पाणी धानाच्या एका बांधीतून दुसऱ्या बांधीत कसं जातं, आधी कोपरा ओला होतो, मग मधला बांध, धुरा, फोडून पुढं जातं, तसं हे एका वाजंत्र्याकडून दुसऱ्याकडं जातं, असं ते सांगत. चाचांचं वेगळं होतं. ही रचना त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती, पण बसून कधीच नाही. बंगल्यावर जेवताना ती लागायची आणि ते रकाबी घेऊन उभे असत. त्यामुळं पहिल्या दोन बाजू त्यांच्या लेखी सूपच्या होत्या, पुढच्या मासळीच्या. सातव्या बाजूला संगीत फार संथ होत असे. ती बाजू संपली की ते दरवेळी सांगत, "यहाँ मेमसाहेब चमचा नीचे रखती थी. रोज. खाना ठंडा हो जाता था, पर रोज रखती थी." का ठेवत, ते त्यांना माहीत नव्हतं. विचारायची रीत नव्हती.

बाबा पहिले दोन रविवार काहीच बोलले नसावेत. मी गेले त्या दिवशी सातवी बाजू संपल्यावर गुरुजींनी त्यांना विचारलं, आणि ते म्हणाले, "तळ आला का हा माणूस हळू करते. धक्का नाही देत." गुरुजींनी मान हलवली. बाबांनी आणखी सांगितलं की खाली किती उतरायचं ते याला आधीच ठाऊक आहे, दोर कुठं सैल सोडत नाही. घरी सात-आठ शब्दांपलीकडं न बोलणारे बाबा मी तिथं वाक्यं बोलताना पाहिले. मग गुरुजींनी मला विचारलं. मी म्हणाले, "मले काही नाही वाटलं." मला खरंच काही वाटलं नव्हतं. मी काट्याकडं पाहत होते, तो झिजतो कसा ते. मला वाटलं गुरुजी रागावतील. चाचा म्हणाले, बच्ची सच बोलती है, आणि माझ्यापुढं भाजलेल्या पावाची बशी सरकवली.

घरी आल्यावर मायनं विचारलं, बाबा काय करते तिथं. मी सांगितलं, विलायती बाजा ऐकते. माय चुलीपुढं बसली होती. तिनं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, "ऐकू दे." त्या दोन शब्दांत राग होता की काय होतं, मला समजलं नाही. त्यानंतर दर रविवारी मी बाबांबरोबर जाऊ लागले. तिनं जा म्हटलं नाही आणि नको म्हटलं नाही.

हल्ली माझी नात भंडाऱ्याला माझ्याकडं येते तेव्हा मोबाइल माझ्या हातात देते. मागच्या वर्षी तिला मी हे सगळं थोडं थोडं सांगितलं, तर तिनं ती रचना शोधून काढली. बाडावरचं नाव मला अजून आठवत होतं. अखंड, न थांबता, स्वच्छ आवाजात. मी ऐकली. प्रत्येक चार मिनिटांनी माझं मन थांबायचं आणि संगीत पुढं निघून जायचं. खाली जगभरच्या ऐकणाऱ्यांनी लिहिलेलं होतं, ते नातीनं मला मराठीत करून वाचून दाखवलं. कोणी लिहिलं होतं, वडिलांच्या अंत्यविधीला हे वाजवलं. कोणाला गावाकडच्या टेकड्या आठवल्या. कोणी लिहिलं होतं की संथ भागात आपण दरवेळी रडतो, आणि त्याच्याखाली पुष्कळांनी आम्हीही, आम्हीही, असं लिहिलेलं. नात म्हणाली, आजी, तुझं पण लिहू का काही? मी म्हणाले, लिही, लहानपणी दर रविवारी ऐकलं, काही वाटलं नाही. ती हसली. म्हणाली, असं कोणी लिहीत नाही गं. मला वाटतं गुरुजींनी माझं उत्तर मान्य केलं असतं. पण ते असो.

त्या वर्षी दिवाळी होऊन धान कापणीला आलं, कापून झालं, चुरणी, म्हणजे मळणी, झाली, आणि एका रविवारी दुपारी मामा आला. दादा गेल्यानंतर पुण्यानुमोदनाला तो आला होता, त्यानंतर आज पहिल्यांदा. नव्या तांदळाचं गाठोडं खांद्यावर. ते त्यानं ओट्यावर ठेवलं, पण तो आत आला नाही. माय दारात उभी राहिली. मायनं त्याला पाणी दिलं आणि सूप घेऊन ते तांदूळ पाखडायला बसली. मामा ओट्याच्या कडेला पाय खाली सोडून बसला. बाबा चाचांकडं गेलेले होते. मी त्या दिवशी गृहपाठासाठी मागं राहिले होते. माय मला म्हणाली, "बाबाले सांग, मामा आला म्हनून. घरी बलावलं."

मी गेले. दारात पोचले तर सुई तबकडीवर होती. नियमाप्रमाणं मी चूप बसले. ती बाजू संपल्यावर सांगायचं, असं मनात धरलं होतं. बाजू संपली. गुरुजींनी काहीतरी विचारलं, चाचांनी काटा तासला, तबकडी उलटली, आणि मी निरोप सांगितलाच नाही. विसरले असं म्हणता येणार नाही. तो मनात होता, जसा खिशात खडा असतो. पण तो काढून द्यावा, असं आतून काही उठलं नाही. पुन्हा एक बाजू झाली. बाबांनी मला विचारलंसुद्धा, गृहपाठ झाला का. मी हो म्हणाले. बाबांच्या हातांना घंटेच्या वेळी काय झालं असेल ते मला आज थोडंसं समजतं. तेव्हा मी नुसती बसून होते.

सातवी बाजू लागली होती. दारात सावली आली म्हणून मी वर पाहिलं. माय होती. हाताला तांदळाचा कोंडा तसाच, पदर खोचलेला. ती या खोलीत कधी आली नव्हती. चाचा नियम मोडून उठले, कपाळाला हात लावून त्यांनी सलाम केला, गुरुजींनी खुर्ची रिकामी केली. माय बसली नाही. चौकटीला हात लावून उभी राहिली. ती माझ्याकडं रागानं पाहील असं वाटलं, पण तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाबांकडंही नाही. ती ग्रामोफोनच्या उघड्या झाकणाकडं पाहत होती. ती बाजू तशीच वाजत राहिली. साधारण दोन मिनिटं असतील. चाचा ज्या जागेबद्दल चमच्याचं सांगत ती जागा येऊन गेली. 

बाजू संपली. काटा मधल्या रिकाम्या वर्तुळात फिरत खर्र खर्र करू लागला. चाचांनी उचलावा, पण ते उभेच. बाबा उठले आणि त्यांनी काटा बसवलेला दांडा हलकेच वर धरला.

माय म्हणाली, "मी म्हनलं होतं, नागपूरले नेऊ."

ती बाबांना म्हणाली. माझ्याकडून नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा. आवाज चढलेला नव्हता, भाजीचा भाव विचारावा तसा होता.

"हो," बाबा म्हणाले. "म्हनलं होतं तू."

"दोनदा म्हनलं."

बाबांच्या हातात तो दांडा तसाच होता. थाळी फिरत फिरत मंद होत गेली. ते म्हणाले, "तीनदा. माळ घातली त्या दिवशी. मंग त्यानं उलटी केली तवा. आन् तिसऱ्या टायमाले म्हनलं, तवा मी बंडी जुंपली."

माय त्यांच्याकडं पाहत राहिली. तिला दोनच आठवत होते की तिनं मुद्दाम कमी सांगितले, हे मी तिला पुढं कधीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही वाटत नाही. गुरुजी खिडकीतून बाहेर पाहत होते. थाळी थांबली. मग माय खाली बसली, खुर्चीत नाही, दाराजवळ जमिनीवर, आणि कोंडा लागलेले हात मांडीवर उताणे ठेवले. चाचांनी अगदी हळू विचारलं, बाई, बंद करूँ? मायनं मान हलवली. बंद करा की चालू द्या, ते त्या मान हलवण्यातून कळत नव्हतं. चाचांनी त्यांच्या परीनं अर्थ लावला, नवा काटा घेतला, चावी भरली आणि आठवी बाजू लावली.

बारावीपर्यंत सगळं झालं. मायनं सगळं ऐकलं. त्या दिवशी गुरुजींनी कोणालाच विचारलं नाही, काय दिसलं. शेवटची तबकडी बाडात जाऊ लागली तेव्हा माय आपण होऊन म्हणाली, "लय लंबं आहे हे." चाचा म्हणाले, हाँ बाई, लंबा तो है. इतकंच. तिनं त्यांच्याकडचा चहा घेतला, कप धुऊन पालथा ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. नवं वर्ष लागल्यावर बाबा पुन्हा यंत्रावर गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच होते. साहेबानं पहिले आठ दिवस त्यांच्याशेजारी एक माणूस बसवला होता, त्याची गरज पडली नाही. माय पुन्हा चाचांकडं ऐकायला कधी आली नाही, पण शनिवारच्या मोटारीनं पाव आला नाही की रविवारी तिच्या हातच्या पातोड्या माझ्याबरोबर द्यायची. चाचा मी कॉलेजात असताना वारले. तबकड्या तुमसरच्या पुतणीनं नेल्या आणि मग त्यांचं काय झालं ते समजलं नाही. माय-बाबा नंतर तीस वर्षं एकत्र राहिली. दादाचं नाव घरात निघायचं, त्याच्या खोड्या निघायच्या, पण माळ आणि नागपूर हे पुन्हा कोणी काढलं नाही. लोक मला म्हणतात, त्या दिवशी तुमच्या घराचं मन मोकळं झालं असेल. मला तसं लिहिता येत नाही. माझं तर काही मोकळं झालं नाही. मला दादासाठी पहिलं रडू आलं ते माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, एका परक्या मुलाला उंबऱ्यावर बसून जेवताना पाहून, आणि तेही पोळ्या लाटता लाटता, कोणाला कळणार नाही असं.

पण त्या रविवारचं घरी परतणं राहिलं. चाचांकडून निघालो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. दुपारच्या पाळीची माणसं खाली गेलेली, रस्त्यावर कोणी नव्हतं. माय पुढं, बाबा तिच्या मागं चार पावलांवर, आणि मी त्यांच्यामागं. मामा ओट्यावर तसाच बसला असेल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. नळाजवळ माय थांबली. हातावरचा कोंडा धुतला, पदराला हात पुसले. मी सवयीनं तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"मामा जेवून जाईन," ती म्हणाली. "मीठ सरलं आहे. दुकानातून आनजा."

मी बाबांकडं वळले. तोंड उघडलं होतं. बाबाही सवयीनं माझ्याकडं पाहत होते, मी सांगेन म्हणून. मग त्यांनी माझ्यावरून नजर काढली.

"खडे का बारीक?" त्यांनी मायला विचारलं.

"खडे."

बाबा दुकानाकडं वळले. मी तोंडात तयार झालेलं वाक्य गिळलं आणि मायच्या मागून चालू लागले.